मिथायलेशनच्या महागड्या डब्या की साधं बी-१२? मुंबई-पुण्याच्या संशोधनातून मिळालेलं उत्तर

हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेलं मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं गाव. जिथे काल शेतं होती तिथे आज उंच इमारती आहेत आणि त्यांच्या गेटवर रोज पार्सलचा ढीग पडतो. या पार्सलमध्ये कपडे, मोबाईलची कव्हरं असतात, तशाच आता गोळ्यांच्या डब्याही असतात. त्यांच्यावर ‘मिथायलेशन सपोर्ट’, ‘ॲक्टिव्ह फोलेट’, ‘होमोसिस्टीन कंट्रोल’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. थकवा, केस गळणं, बीपी, मधुमेह, थायरॉईड, मूल न होणं, उदास वाटणं, या सगळ्यांचं मूळ एकच आणि त्यावर ही डबी, असं मोबाईलवरची जाहिरात सांगते. महिन्याचे काही हजार रुपये त्यात सहज जातात.

यातलं सगळंच खोटं असतं तर हा लेख दोन ओळींत संपला असता. पण मिथायलेशन ही शरीरात खरोखर घडणारी गोष्ट आहे. तिच्यात बिघाड होतो हेही खरं आहे आणि पुणे परिसरात तो किती मोठ्या प्रमाणावर होतो हे इथल्याच डॉक्टरांनी मोजून दाखवलं आहे. गोम एवढीच आहे की बिघाड जिथे आहे तिथलं औषध स्वस्त आहे आणि जाहिरात भलत्याच गोष्टीची होते.

मिथायलेशन म्हणजे नेमकं काय?

एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन, या छोट्याशा तुकड्याला मिथाइल म्हणतात. शरीर हा तुकडा एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर लावत असतं. तो डीएनएवर लागला की एखादं जनुक गप्प बसतं किंवा कामाला लागतं. मज्जातंतूंवरचं आवरण टिकवायला, मेंदूतली काही रसायनं बनवायला आणि मोडायलाही तो लागतो. सरकारी कचेरीत कागद शिक्क्याशिवाय पुढे सरकत नाही, तसाच हा प्रकार.

शिक्का मारून झाला की मागे होमोसिस्टीन नावाचं द्रव्य उरतं. त्याला पुन्हा मिथाइल लावून मिथिओनिन बनवावं लागतं, तरच चक्र फिरत राहतं. हे काम दोन जीवनसत्त्वं मिळून करतात. फोलेट मिथाइल आणून देतं आणि बी-१२ ते फोलेटच्या हातातून घेऊन होमोसिस्टीनला लावतं. बी-१२ नसेल तर फोलेट मिथाइल घेऊन नुसतं उभं राहतं. त्याला ते खाली ठेवता येत नाही आणि दुसरं कामही करता येत नाही. शास्त्रज्ञ याला फोलेटचा सापळा म्हणतात.

डबी विकत घेणाऱ्याने हा सापळा नीट समजून घ्यावा. ‘ॲक्टिव्ह’ म्हणून चढ्या भावाने विकलं जाणारं मेथिलफोलेट म्हणजे हेच, मिथाइल घेऊन अडकलेलं फोलेट. अंगात बी-१२ कमी असताना ते कितीही घेतलं तरी रांगेत आणखी माणसं उभी करण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

परळची प्रयोगशाळा आणि गरीब मुस्लिम बाळंतिणी

या गोष्टीची सुरुवात आपल्याच राज्यात झाली आणि तिच्या केंद्रस्थानी आपल्याच समाजातल्या गरीब बायका होत्या, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. मुंबईत बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात याचा शोध त्या वेळी घेतला जात होता. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. गरोदरपणात होणारा एक विचित्र पंडुरोग त्यांच्यासमोर आला. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी कमी तर होतच, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या असत.

आधी संशय जंतुसंसर्गावर होता. तपासण्या झाल्या, पण तसं काही सापडलं नाही. मग मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांसोबत विल्स यांनी घराघरांतलं जेवण आणि राहणीमान पाहिलं. हा आजार सर्वांत जास्त गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये होता. त्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध, मांस यातलं जवळपास काहीच नसे. पुढे प्राण्यांवर प्रयोग झाले आणि यीस्टचा अर्क दिल्यावर आजार हटतो असं दिसलं. इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात तो मार्माइट हा असाच एक स्वस्त अर्क. तो या बायकांना दिला आणि त्या बऱ्या झाल्या. १९३१ साली हे निष्कर्ष छापून आले. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला कित्येक वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला तेव्हा त्याला फॉलिक ॲसिड असं नाव मिळालं. बी-१२ त्यानंतर, १९४८ साली हाती आलं.

फॉलिक ॲसिड स्वस्तात बनू लागल्यावर डॉक्टरांनी ते सगळ्याच मोठ्या पेशींच्या पंडुरोगाला द्यायला सुरुवात केली. रक्त सुधारायचं, चेहऱ्यावर लाली यायची. पण ज्यांच्यात मूळ कमतरता बी-१२ची होती त्यांचे पाय बधिर होत गेले, चाल बिघडली. फॉलिक ॲसिडने रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो आणि मज्जातंतूंची झीज मात्र आतल्या आत चालू राहते, हा धडा तेव्हाच मिळाला. तो आजही शिळा झालेला नाही.

पुण्याच्या रक्तात काय सापडलं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या तीन दशकांत जे काम केलं, त्याची नोंद जगभर घेतली जाते. २००६ साली त्यांनी ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. त्यात खेड्यातले, शहरातल्या झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तिन्ही गट होते. एकूण ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं. खेड्यातला गरीब माणूस जास्त आजारी असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात शहरी मध्यमवर्गात बी-१२ची कमतरता ८१ टक्के होती. नेहमी मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी लोकांना धोका सुमारे साडेचार पट होता.

त्याआधी १९९३ साली पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवरच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू झाला होता. त्या मातांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या तपासण्या झाल्या आणि २००८ साली निष्कर्ष आले. दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट कमी असलेली माता मात्र फक्त एक निघाली. गरोदरपणात जिचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, तिच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट इथूनच सुरू होते.

हे वाचून कुणी गरोदर बाईची फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. गर्भधारणेच्या आधीपासून आणि पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड घेतल्याने बाळाच्या मणक्यातलं आणि मेंदूतलं व्यंग टळतं, याबद्दल कसलाही वाद नाही. सरकारी केंद्रात मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळीही घ्यायचीच. प्रश्न तिच्या जोडीला बी-१२ आहे का, एवढाच आहे. ज्या आईच्या अंगातच ते नाही, तिच्या दुधातून बाळालाही मिळत नाही. मग सहा-आठ महिन्यांचं बाळ फिकट पडतं, हसणं-बसणं विसरतं, हातपाय थरथरतात. बालरोगतज्ज्ञांना हा आजार चांगला ओळखता येतो आणि वेळेत बी-१२ दिलं तर बाळ सुधारतं. घरात मात्र नजर लागली म्हणून आठवडे जातात.

त्याच सहा गावांतली मुलं किशोरवयात आल्यावर, २०१२ साली, पुढचा प्रयोग सुरू झाला. त्यांना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं गेलं. त्यातल्या मुली पुढे आई झाल्या. ज्या मातांना नुसतं बी-१२ मिळालं होतं, त्यांच्या मुलांची दोन वर्षांच्या वयातली बौद्धिक आणि भाषेची वाढ काहीही न मिळालेल्या गटापेक्षा सरस दिसली. मुलांची संख्या लहान होती, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करणं बरोबर नाही. पण २ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे लक्षात घ्या. बाजारातल्या साध्या बी-१२च्या एका गोळीत ते शेकडो पट असतं.

‘आम्ही तर मटण खातो!’

आपल्याकडे बी-१२चं नाव काढलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. यात अर्धं तथ्य आहे. मांस, मासे, अंडी, दूध हेच बी-१२चे खरे स्रोत आहेत. वनस्पतीत ते नसतं. स्पिरुलिनाच्या डब्यांवर लिहिलेलं बी-१२ माणसाच्या शरीराला बहुतांशी उपयोगी पडत नाही.

पण हिशेब करून बघा. सहा माणसांच्या घरात जुम्म्याला किंवा रविवारी अर्धा किलो मटण येतं. हाडं वगळली तर एकेकाच्या वाट्याला साठ-सत्तर ग्रॅम मांस. त्यातून दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ मिळतं. गरज आहे रोजची दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. म्हणजे आठवड्यातला एक दिवसही पुरता भागत नाही. बाकी दिवस चिकन खाल्लं म्हणावं, तर त्यात बी-१२ फारच कमी, शंभर ग्रॅममागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहूनही कमी. मटणाचे भाव चढले आणि घराघरांत चिकन आलं, त्याचा हा न दिसणारा परिणाम. शिवाय घरातल्या बाईच्या ताटात बऱ्याचदा रस्सा आणि बटाटाच उरतो, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

मोठ्याच्या मटणात बकऱ्याइतकंच किंवा थोडं जास्त बी-१२ असतं. बांगडा, तारली हे स्वस्त मासे त्यात श्रीमंत आहेत. कलेजी तर खजिनाच आहे, दोन तुकड्यांत कित्येक दिवसांची गरज भागते. गरोदर बाईने मात्र कलेजी वरचेवर खाऊ नये, तिच्यातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भाला बाधतं. एक मोठा पेला दूध साधारण एक मायक्रोग्रॅम देतो, एक अंडं अर्धा.

हिरव्या पालेभाजीत फोलेट भरपूर असतं, म्हणून भाजी वाढवली की होमोसिस्टीन उतरेल असं वाटतं. पुण्यातच शाकाहारी बायकांवर सहा आठवडे हे करून पाहिलं गेलं. काहींना रोज शंभर ग्रॅम शिजवलेली पालेभाजी दिली, काहींना एक दिवसाआड बी-१२ची गोळी. होमोसिस्टीन गोळीने उतरलं, भाजीने नाही. भाजी खावीच, पण ती दुसऱ्या कारणांसाठी.

मधुमेह, बीपी, हृदयविकार: डबीने काय होतं?

चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करणारा, पन्नाशीतला, दहा वर्षांपासून मेटफॉर्मिन घेणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. रात्री तळपायांची आग होते, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. सगळे म्हणतात शुगरमुळे. असेलही. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर आतड्यातून बी-१२ शोषलं जाणं कमी होतं आणि बी-१२च्या कमतरतेतही नेमकी हीच लक्षणं दिसतात. त्यात शिफ्टमुळे ॲसिडिटी, म्हणून रोज सकाळी पॅन्टोप्राझोलची गोळी. तीही बी-१२ कमी करते. अशा माणसाने वर्षातून एकदा बी-१२ तपासलंच पाहिजे. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. ते चांगलं औषध आहे, फक्त सोबत ही भरपाई लागते.

आता दुसरी बाजू. होमोसिस्टीन वाढलं की हृदयविकार वाढतो, मग जीवनसत्त्वांनी ते उतरवलं की हृदयविकार टळेल, असं डॉक्टरांनाही एकेकाळी वाटत होतं. हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या. २००६ साली आलेल्या होप-२ चाचणीत साडेपाच हजारांवर रुग्ण होते. फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ मोठ्या मात्रेत पाच वर्षं दिलं. होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकार आणि त्याने होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्याच वर्षी नॉर्वेतल्या चाचणीतही फायदा दिसला नाही. पक्षाघात काही प्रमाणात टळतो असं काही चाचण्यांत, विशेषतः २०१५ सालच्या चीनमधल्या चाचणीत दिसलं. पण ते आहारात फोलेट कमी असलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांत आणि बीपीच्या औषधासोबत.

मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्यांनी तर जास्तच सांभाळावं. २०१० साली कॅनडातल्या एका चाचणीत अशा २३८ रुग्णांपैकी काहींना बी जीवनसत्त्वांचा मोठा डोस दिला. त्यांची किडनी डोस न घेतलेल्यांपेक्षा वेगाने खालावली आणि हार्ट अटॅक, पक्षाघातही जास्त झाले. ‘जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार?’ असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याला ही गोष्ट जरूर सांगा. बी-६चंही तसंच. ते महिनोन्महिने मोठ्या मात्रेत घेतलं तर स्वतःच हातापायांना मुंग्या आणतं. आपण मुंग्यांसाठी गोळी घेतो आणि गोळीनेच मुंग्या येतात. तीन वेगवेगळ्या डब्यांत बी-६ असेल तर बेरीज करून बघा.

या डब्यांसोबत जनुकाची चाचणीही विकली जाते. एमटीएचएफआर नावाच्या जनुकात बदल निघाला की ‘तुमचं मिथायलेशन बिघडलं आहे, साधं फॉलिक ॲसिड तुम्हाला चालणार नाही’ असं सांगतात. हा बदल जगात कोट्यवधी निरोगी माणसांत आहे, भारतीयांत त्याचं मोठं रूप तुलनेने कमी आढळतं आणि असलं तरी साधं फॉलिक ॲसिड काम करतं. अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच ही चाचणी सरसकट करू नका असं सांगितलं. तेवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांचं बी-१२ तपासून होईल.

तपासणी कशी वाचायची, गोळी कशी घ्यायची?

साध्या रक्ततपासणीत बी-१२ २००च्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३००च्या मध्ये असेल तर संशय. हा आकडा पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमधला आहे. संशय असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन बघायला सांगतात. तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी करा, नंतर आकडा वाढलेलाच दिसणार. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे थायरॉईड आणि बी-१२चे आकडे चुकीचे येतात. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात आधी विचारून बघायला हरकत नाही.

बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडणं, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणं, चालताना तोल जाणं, विसराळूपणा ही लक्षणं असतील तर थांबू नका. तोल जात असेल किंवा बधिरपणा वाढत असेल तर सुरुवातीला इंजेक्शन लागतात. रक्त दोन महिन्यांत सुधारतं. मज्जातंतूंना जास्त वेळ लागतो आणि फार उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाहीत.

बाकीच्यांना गोळी पुरते. आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, वरच्यातलं साधारण एक टक्का झिरपतं. म्हणून गोळीत १००० किंवा १५०० मायक्रोग्रॅम असतं, ते बघून घाबरायचं कारण नाही. मिथाइलकोबालामिन चांगलं की सायनोकोबालामिन, यावर फार डोकं शिणवू नका. पेशीत गेल्यावर दोन्हीचं वरचं टोक निघून जातं आणि शरीर हवं ते रूप स्वतः बनवतं. दुकानात जे स्वस्त मिळेल ते चालतं.

हलालचा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो. औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून बनतं, मांसातून नाही. अडचण असते ती कॅप्सूलच्या आवरणाची. जिलेटिन गाईचं आहे, डुकराचं आहे की माशाचं, हे पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर हिरवा ठिपका असेल तर आवरण वनस्पतीजन्य असतं. तपकिरी त्रिकोण असेल तर जिलेटिन असू शकतं. औषध म्हणून मिळणाऱ्या कॅप्सूलवर ही खूण असेलच असं नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे केमिस्टकडे कॅप्सूलऐवजी गोळी मागायची. बी-१२ गोळीतही मिळतं, जिभेखाली ठेवायच्या रूपातही. पूरक आहाराच्या डबीवर आणखी एक ओळ शोधा, ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची. ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणाऱ्या डबीवरही ती असते, बारीक अक्षरात.

रमजानमध्ये गोळी सहरीला घेतली काय किंवा इफ्तारनंतर घेतली काय, फरक पडत नाही. इंजेक्शनचा कोर्स चालू असेल तर ते इफ्तारनंतर घेता येतं, दिवसाच घेण्याची वैद्यकीय गरज नसते. मेटफॉर्मिनच्या वेळा मात्र रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि त्याच भेटीत बी-१२ची चिठ्ठीही लिहून घ्या.